गाठ कधी पडेल?

प्रस्तावना

चीनमधल्या ‘नऊ प्रकरणे’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या गणितग्रंथात एक उदाहरण आहे. भरभर चालणारा माणूस १०० पावले टाकतो, तेवढ्या वेळात सावकाश चालणारा ६० पावले टाकतो. सावकाश चालणारा १०० पावले पुढे गेल्यावर दुसरा त्याच्या मागे निघाला, तर किती पावलांवर त्याला गाठेल? उत्तर २५० पावले. उदाहरणात तास नाहीत, मिनिटे नाहीत, वेगाचे एककही नाही. तरी उत्तर निघते. मागचा माणूस आपल्या दर १०० पावलांमागे ४० पावलांची तफावत तोडतो. तोडायची आहे १०० पावलांची तफावत. म्हणजे त्याला अडीच वेळा शंभर पावले चालावी लागतील.

हेच उदाहरण आज आठवीतल्या मुलापुढे ठेवले, तर ते आधी सूत्र आठवते. अंतर बरोबर वेग गुणिले वेळ. मग वेग कुठे दिला आहे ते शोधते, तो सापडत नाही, आणि पेन थांबते. सूत्र बिनचूक आहे. अडचण एवढीच की ते एका प्रवासाविषयी बोलते, आणि या जातीचे जवळपास प्रत्येक चांगले उदाहरण दोन प्रवासांविषयी असते. कधी माणसे दोन असतात. कधी माणूस एकच असतो, पण तो जातो आणि परत येतो. कधी एक प्रवास खरा असतो आणि दुसरा नुसता कल्पनेतला: गाडीचा वेग ताशी १० किमीने जास्त असता तर ती एक तास आधी पोहोचली असती. या दोन प्रवासांमध्ये काहीतरी एक सारखे असते. कधी वेळ, कधी अंतर, कधी वेग. काय सारखे आहे हे उदाहरणाच्या वाक्यांतून हुडकून काढणे, हेच खरे काम. समीकरण म्हणजे ते सारखेपण दोन बाजूंना मांडून दाखवणे. हे पुस्तक या एका म्हणण्यावर उभे आहे, म्हणून ते सुरुवातीलाच सांगून टाकले.

हे म्हणणे माझे नवे नाही. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये आर्यभटीय रचले, तेव्हा त्याच्या गणितपादात दोन गतिमान वस्तूंच्या भेटीचा नियम दिला. दोघे समोरासमोरून येत असतील तर मधल्या अंतराला गतींच्या बेरजेने भागा. एकाच दिशेने जात असतील तर गतींच्या वजाबाकीने भागा. भेटीची वेळ मिळेल. त्याच्या डोळ्यांसमोर ग्रह होते. म्हणूनच त्याने आणखी एक गोष्ट जोडली, जी आपल्या शाळेत क्वचितच सांगितली जाते. ही भेट पुढे व्हायची असेल किंवा होऊनही गेली असेल. मंद ग्रह मागे आणि शीघ्र ग्रह पुढे असेल तर गाठ आधीच पडून गेलेली असते. बीजगणितात वेळेचे उत्तर ऋण येते तेव्हा मुले ‘गणित चुकले’ म्हणून खोडतात. आर्यभटाचा नियम लक्षात असला तर त्याच ऋण चिन्हाचा अर्थ लागतो.

याच ग्रंथाच्या गोलपादात नावेचा दृष्टांत आहे. नाव पुढे जाते तेव्हा नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. तसेच स्थिर तारे पृथ्वीवरून पश्चिमेकडे जाताना दिसतात. खगोलाच्या इतिहासात हा श्लोक प्रसिद्ध आहे. मला तो अंतर, वेग, वेळ शिकवतानाही महत्त्वाचा वाटतो, कारण कुठे उभे राहून पाहायचे ते आपण निवडू शकतो, हे तो दाखवतो. एक जुने कोडे घ्या. नदीत एक माणूस प्रवाहाविरुद्ध नाव वल्हवतो आहे. त्याची टोपी पाण्यात पडते. त्याला ते कळत नाही, तो आणखी १० मिनिटे तसाच वल्हवत जातो, मग वळतो आणि टोपी पडली त्या जागेपासून १ किमी खाली तिला गाठतो. वल्हवण्याचा जोर सारा वेळ सारखाच आहे. तर नदीचा वेग किती? काठावरून पाहिले तर नावेचा वेग एक अक्षर, प्रवाहाचा दुसरे, परतीची वेळ तिसरे, आणि पानभर आकडेमोड. टोपीबरोबर वाहत पाहा. टोपीच्या दृष्टीने पाणी स्थिर आहे. नाव १० मिनिटे दूर गेली, म्हणजे तिला परत यायला १० मिनिटेच लागणार. एकूण २० मिनिटे झाली, आणि तेवढ्यात टोपी १ किमी वाहिली. प्रवाह ताशी ३ किमी. नावेचा वेग दिलेला नाही, आणि त्याची गरजही नाही. पानभर आकडेमोड केली तरी तो शेवटी कटतोच. पण का कटतो हे टोपीपाशी बसल्याशिवाय दिसत नाही.

भारतीय परंपरेतली अशी उदाहरणे वाचताना त्यांची हिंमत जाणवते. पेशावरजवळ बख्शाली गावी १८८१ साली भूर्जपत्रांवरचे एक हस्तलिखित सापडले. ते आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्याच्या काळाविषयी विद्वानांत वाद आहे. त्यातला एक वाटसरू पहिल्या दिवशी ५ योजने चालतो आणि पुढे रोज ३ योजने जास्त. दुसरा रोज ७ योजने चालतो आणि ५ दिवस आधी निघालेला आहे. गाठ कधी पडेल? उत्तरासाठी ८८९ चे वर्गमूळ काढावे लागते, आणि ते पूर्ण निघत नाही. उदाहरण रचणाऱ्याने सोयीचे आकडे घेतले नाहीत. वर्गमूळाचे आसन्न मूल्य काढायची रीत त्याच्याकडे होती. गाठ सहा दिवसांहून थोड्या अधिक काळाने पडते.

आणि लीलावती. भास्कराचार्यांनी ती ११५० मध्ये रचली. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याची नोंद असलेला १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांसमोर आणला. लीलावतीतला मोर आणि साप पुष्कळांना ऐकून माहीत असतो. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे, आणि साप बिळापासून २७ हातांवरून बिळाकडे येतो आहे. मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघांची गती सारखी. झडप बिळापासून किती अंतरावर पडेल? इथे गती सारखी आणि वेळही सारखा, म्हणून अंतर सारखे. बाकी सगळे काम काटकोन त्रिकोण करतो. उत्तर १२ हात: साप १५ हात सरपटला, मोर १५ हात उडाला. गतीचा आकडा दिला असता तर उदाहरण उलट बिघडले असते.

लीलावतीतच चार झऱ्यांचे उदाहरण आहे. ते एकेकटे एक तळे अनुक्रमे १ दिवसात, अर्ध्या, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश दिवसात भरतात. चारही एकदम सोडले तर? एका दिवसात ते १, २, ३ आणि ६ तळी भरतात, म्हणजे मिळून १२. एक तळे दिवसाच्या बाराव्या भागात भरेल. आता ‘नऊ प्रकरणे’तले एक उदाहरण शेजारी ठेवा: रानबदक दक्षिण समुद्रापासून उत्तर समुद्रापर्यंत ७ दिवसांत जाते, रानहंस उत्तरेकडून दक्षिणेकडे ९ दिवसांत येतो, एकाच वेळी निघाले तर कधी भेटतील? एका दिवसात बदक वाटेचा सातवा भाग तोडते, हंस नववा. दोन्ही मिळवा, उलटा, ३ पूर्णांक १५/१६ दिवस. दोन समुद्रांमधले अंतर किती हे कुणी सांगितलेले नाही. नळ आणि टाकी, मजूर आणि भिंत, पक्षी आणि समुद्र या सगळ्यांच्या आत एकच रचना आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ‘काळ, काम, वेग’ हे एक प्रकरण म्हणून येते, आणि ते योग्यच आहे.

युरोपात ही उदाहरणे उशिरा, पण मोठ्या संख्येने आली. शार्लमेनच्या दरबारातल्या आल्कुइनच्या नावावर असलेल्या संग्रहात कुत्रा आणि ससा आहेत: ससा १५० फूट पुढे, कुत्र्याची उडी ९ फुटांची, सशाची ७ फुटांची; दर उडीला २ फूट तुटतात, ७५ उड्यांत ससा सापडतो. न्यूटनचे बीजगणित १७०७ साली छापले गेले. त्यात ५९ मैलांवरून समोरासमोर निघालेले दोन जासूद आहेत. पहिला २ तासांत ७ मैल जातो, दुसरा ३ तासांत ८ मैल, आणि दुसरा एक तास उशिरा निघतो. इथे सारखे काय? वेळ, पण एका तासाच्या फरकाने. पहिला क्ष मैल चालला असे धरले तर त्याला २क्ष/७ तास लागले. दुसऱ्याला उरलेल्या वाटेसाठी ३(५९ − क्ष)/८ तास लागले. पहिली संख्या दुसरीपेक्षा १ ने जास्त. क्ष = ३५. न्यूटनने विद्यार्थ्याला दिलेला सल्ला आजही तेवढाच उपयोगी आहे: उदाहरण एकेका वाक्याने बीजाच्या भाषेत उतरवत जा, उत्तराची घाई करू नका.

वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, ही मांडणी आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की ती प्राचीन असणार असे आपण गृहीत धरतो. पण ग्रीक परंपरेत एकाच जातीच्या राशींची तुलना होत असे. अंतराला वेळेने भागणे त्यांना मान्य नव्हते. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथातही एकसमान गतीचा विचार अंतराशी अंतराचे आणि वेळेशी वेळेचे गुणोत्तर घेऊनच केला. सूत्राच्या त्रिकोणावर बोट ठेवून राशी झाकायची पद्धत तर अगदी अलीकडची. त्याआधी शतकानुशतके माणसे ही उदाहरणे सोडवत होती आणि त्यांच्याजवळ होते त्रैराशिक, तुटणारे अंतर आणि इष्टकर्म, म्हणजे एक उत्तर धरून चालायचे आणि ते किती चुकते यावरून खरे काढायचे. या तिन्ही रीती मी या पुस्तकात पुन्हा आणल्या आहेत. जुन्या म्हणून त्यांचा गौरव करण्याचा त्यात हेतू नाही. त्या लहान मुलाच्या समजेच्या जवळ आहेत, म्हणून आणल्या.

ही जवळीक मानसशास्त्रातही दिसते. १९२८ मध्ये दाव्होस येथे आइनस्टाइन यांनी मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांना विचारले की मुलांना आधी वेगाची जाण येते की काळाची. पियाजे यांनी त्यावर दीर्घ काळ प्रयोग केले आणि १९४६ मध्ये पुस्तक लिहिले. त्यातला एक प्रयोग असा: उघडच लहान-मोठे दिसणारे दोन बोगदे, दोन बाहुल्या एकदम आत जातात, एकदम बाहेर पडतात. लहान मूल म्हणते, दोघींचा वेग सारखा, कारण बरोबरच आल्या. बोगदे काढून तीच धाव दाखवली की एक बाहुली दुसरीला मागे टाकताना दिसते, आणि तेच मूल म्हणते, ही जोरात गेली. वेगाची पहिली समज एकाने दुसऱ्याला मागे टाकण्यात आहे. भागाकार नंतर येतो. आर्यभटाचा नियम आणि हे मूल एकमेकांच्या फार जवळ उभे आहेत असे मला मनापासून वाटते.

आइनस्टाइन यांचे नाव आणखी एका उदाहरणाशी जोडलेले आहे, आणि ते प्रत्येक वर्गात करून घ्यावे असे आहे. १९३४ मध्ये मानसशास्त्रज्ञ माक्स व्हेर्टहायमर यांनी त्यांना लिहिले: एक जुनी मोटार १ मैल चढ चढते आणि १ मैल उतरते. चढताना तिचा सरासरी वेग ताशी १५ मैल. सबंध प्रवासाचा सरासरी वेग ताशी ३० मैल व्हायला ती किती वेगाने उतरली पाहिजे? झटकन ४५ म्हणावेसे वाटते. पण २ मैल ताशी ३० ने जायला ४ मिनिटे लागतात, आणि ती ४ मिनिटे चढण्यातच संपली. आइनस्टाइन यांनी उत्तरात कळवले की उतरायला वेळच उरत नाही हे आपल्याही हिशेब केल्यावरच लक्षात आले. जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६० किमी असा प्रवास केला तर सरासरी ५० ऐवजी ४८ का येते, याचे उत्तर त्याच जागी आहे. दोन प्रवासांत सारखे आहे ते अंतर. वेळ सारखा नाही, गाडी कमी वेगात जास्त वेळ असते. आपल्या फोनवरचा नकाशा पोहोचण्याची वेळ सांगताना रस्त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा वेळ मिळवतो. वेगांची सरासरी काढून भागले नसते.

आलेखाची परंपरा वेगळी, आणि आपल्या शाळांत तिला फार थोडी जागा मिळते याचे मला वाईट वाटते. एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर अंतर. प्रवास म्हणजे रेघ, वेग म्हणजे तिचा चढ, थांबा म्हणजे आडवी रेघ, आणि भेट म्हणजे दोन रेघांचा छेद. फ्रान्समध्ये पॅरिस ते लियाँ गाड्यांचे वेळापत्रक अशा आलेखावर काढले गेले आणि एतियेन-ज्यूल मारे यांनी १८७८ च्या पुस्तकात ते छापले. आपल्याकडे रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात आजही गाड्यांची वाटचाल अशाच रेघांनी पाहिली जाते. कोकण रेल्वेने प्रवास केलेल्या कुणालाही ‘क्रॉसिंगसाठी थांबलीय’ हे वाक्य नवे नाही. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किमीचा हा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला. रोहा ते वीर हा भाग पुढे दुहेरी झाला, पण बराचसा मार्ग एकेरीच आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्यांची गाठ स्टेशनातच पडली पाहिजे, जिथे दुसरी लाइन आहे. आलेखावर याचा अर्थ असा की दोन रेघांचा छेद फक्त स्टेशनांच्या आडव्या रेघांवर चालतो, मधे कुठेही नाही. छेद मधे येत असेल तर एका गाडीची रेघ स्टेशनात थोडी आडवी करायची, म्हणजे तिला थांबवायचे. एक गाडी उशिरा आली की तिची रेघ सरकते, तिचे सगळे छेद सरकतात, आणि रत्नागिरीतला उशीर मडगावपर्यंत का पोहोचतो ते कागदावर दिसू लागते. दहावीच्या बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे आलेखाने सोडवायची असतातच. त्याच पानावर दोन गाड्या आणल्या तर छेदबिंदूला काळ आणि जागा मिळते.

आता परीक्षांविषयी. शिष्यवृत्तीपासून पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवेपर्यंत हा विषय सुटत नाही, आणि मिनिटभरात एक प्रश्न सोडवायचा असतो. त्यासाठी झटपट रीती निर्माण झाल्या: ताशी किमीचे सेकंदाला मीटर करायला ५/१८ ने गुणा, गाडी खांब ओलांडते तेव्हा अंतर म्हणजे गाडीची लांबी, प्लॅटफॉर्म ओलांडते तेव्हा दोन्ही लांब्यांची बेरीज. या रीतींना नाक मुरडणारे शिक्षक आहेत. मी त्यांच्यात नाही. लहान गावातून येऊन नोकरीसाठी झटणाऱ्या मुलामुलींचा त्या आधार आहेत. पण १,००० मीटर भागिले ३,६०० सेकंद म्हणजेच ५/१८, हे ज्याला एकदा कळले त्याला गुणायचे की भागायचे ही शंका पुन्हा येत नाही. पाठांतराने रीत मिळते. प्रश्न जरा वळवून विचारला की ती हातातून सुटते, आणि परीक्षक प्रश्न वळवूनच विचारतात. हिन्स्ली, हेज आणि सायमन या संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवले की सराव असलेले विद्यार्थी उदाहरणाचे पहिले काही शब्द ऐकूनच ते कोणत्या जातीचे ते ओळखतात. ही ओळख फायद्याची असते, आणि नावेचे उदाहरण नावेसारखे वागले नाही की तीच फसवते.

दुसरा एक निष्कर्ष शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. नेथन आणि कोडिंगर यांनी अमेरिकेत तपासले तेव्हा बहुतेक शिक्षकांना वाटत होते की शाब्दिक उदाहरणे नुसत्या समीकरणांपेक्षा अवघड. बीजगणित नव्याने शिकणाऱ्या मुलांनी मात्र साधी शाब्दिक उदाहरणे अधिक बरोबर सोडवली. गोष्ट असली की मूल उलटे मोजत जाते, अंदाज करून पडताळते, आकडा अर्थाला धरून आहे का ते पाहते. शब्द ही अडचण नसून आधार असतो, निदान सुरुवातीला. आपण मात्र ‘शाब्दिक उदाहरणे’ प्रकरणाच्या शेवटी ढकलतो, आणि वेळ संपला की तीच गाळतो.

म्हणून या पुस्तकात क्रम उलटा आहे. सुरुवातीचा मोठा भाग अक्षराविना आणि सूत्राविना चालतो: रेघ मारा, पावले मोजा, तफावत किती तुटते ते पाहा. क्ष येतो तो गरज पडली म्हणून येतो, जिथे अंदाजाने पोहोचायला फार वेळ लागतो तिथे. प्रत्येक उदाहरणाखाली आकडेमोडीआधी एकच प्रश्न विचारला आहे: या दोन प्रवासांत सारखे काय? बरीच उदाहरणे दोन-तीन रीतींनी सोडवली आहेत आणि कोणती रीत कुठे जड जाते तेही सांगितले आहे. काही उदाहरणांत जादा आकडे आहेत, काहींत एक आकडा कमी आहे, काहींना व्हेर्टहायमरच्या मोटारीप्रमाणे उत्तरच नाही. अशी उदाहरणे मुलांना चिडवण्यासाठी घातलेली नाहीत. रस्त्यावर, कारखान्यात, शेतावर जे प्रश्न पडतात त्यांत आकडे असेच कमी-जास्त असतात. सातवी ते दहावीची मुले, त्यांच्याशेजारी बसणारे आईवडील, शिक्षक आणि स्पर्धा परीक्षा देणारे, यांच्यासाठी हे लिहिले आहे. शेवटच्या गटाने मधून सुरुवात केली तरी चालेल, पण पहिली काही पाने वगळू नयेत.

वेग सतत बदलत राहणारा प्रवास, म्हणजे त्वरण, मी बाहेर ठेवला आहे. बख्शालीचा वाटसरू आणि ‘नऊ प्रकरणे’तले दोन घोडे मात्र घेतले आहेत. ३,००० ली (अंतराचे चिनी माप) लांबीची वाट. चांगला घोडा पहिल्या दिवशी १९३ ली जातो आणि पुढे रोज १३ ली जास्त, दुबळा ९७ ली जातो आणि रोज अर्धा ली कमी. चांगला मुक्कामी पोहोचून परत फिरतो आणि वाटेत दुबळ्याला भेटतो. यांच्यात वेग दिवसागणिक बदलतो, पण एका दिवसात सारखा राहतो, त्यामुळे त्रैराशिक आणि श्रेढी एवढ्या सामग्रीवर ते सुटतात. त्याच्या पुढे कलन लागते, आणि त्यासाठी मराठीत स्वतंत्र पुस्तक हवे.